वाकले तर मणका निसटेल का?

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. दुखणारा अवयव प्रत्येकाचा वेगळा आहे. परंतु आपल्या दुखण्याचा आपण जो अर्थ लावतो त्यावर उपचाराचे फळ किती अवलंबून असते, हा प्रश्न बहुतेकांच्या मुळाशी आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५१ वर्षे आहे. आठ महिन्यांपूर्वी बादली उचलताना कमरेत जोराची कळ आली. एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधील गादी झिजलेली आणि थोडी बाहेर आलेली दिसली. ‘मणक्यात गॅप आहे’ हे कळल्यापासून, वाकले तर मणका निसटेल या भीतीने मी पुढे वाकणे पूर्णपणे बंद केले आहे. खाली पडलेली वस्तूसुद्धा मुलाकडून उचलून घेते. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून शस्त्रक्रियेची गरज नाही आणि नसेवर दाब नाही, असे सांगितले. फिजिओथेरपिस्ट मात्र वाकण्याचाच व्यायाम देतात. वाकले की दुखते. मग आतमध्ये आणखी इजा होत नसेल का? चौदा वेळा जाऊन आले, पण फरक नाही.

उत्तर : दुखते म्हणजे इजा होते, हा तुमच्या पत्राचा गाभा आहे आणि ताज्या दुखापतीच्या बाबतीत तो बराचसा बरोबरही आहे. घोटा मुरगळल्यावर पहिले काही दिवस वेदना आपल्याला सांभाळायला लावते, ते योग्यच असते. परंतु आठ महिन्यांनंतरच्या वेदनेला तोच नियम लावता येत नाही. शरीरातील ऊतींची दुरुस्ती बहुतांशी काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत होते, आणि त्यानंतरही टिकून राहणारी वेदना ही पुष्कळदा ऊतींच्या स्थितीपेक्षा चेतासंस्थेच्या वाढलेल्या सावधपणाची खूण असते. ज्या हालचालीला धोका मानले गेले आहे, त्या हालचालीला मेंदू आणि मज्जारज्जू अधिक लवकर आणि अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागतात.

वेदना आणि इजा यांचे प्रमाण एकास एक नसते, याचे पुरावे फार जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनाशामक हवे का असे विचारले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटले. त्याने ही निरीक्षणे १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. जखम म्हणजे आपण जिवंत सुटलो, असा अर्थ त्या सैनिकांच्या मनात असावा, असे त्याचे अनुमान होते. याउलट २००७ मध्ये लोरिमर मोझली आणि आर्नूड आर्न्त्झ यांनी निरोगी माणसांच्या हाताच्या मागील बाजूस उणे २० अंश सेल्सिअसची धातूची कांडी क्षणभर टेकवली. सोबत लाल दिवा दाखवला तेव्हा निळ्या दिव्याच्या तुलनेत तीच कांडी लोकांना अधिक दुखली, कारण लाल म्हणजे तप्त आणि तप्त म्हणजे धोकादायक असा अर्थ मनाने आधीच लावलेला होता. कांडी तीच होती आणि त्वचेवरचा परिणामही तोच होता. धोक्याची कल्पना तेवढी बदलली होती.

आता तुमच्या एमआरआयविषयी. बोलीभाषेत ज्याला आपण ‘गॅप’ म्हणतो ते प्रत्यक्षात गादीची उंची थोडी कमी होणे असते. तेथे कोणतीही फट पडलेली नसते आणि मणका निसटण्याच्या बेतात नसतो. मणक्यांना घट्ट अस्थिबंधांचे आणि स्नायूंचे अनेक थर धरून असतात. शिवाय असे बदल केवळ दुखणाऱ्यांमध्येच दिसतात असेही नाही. पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाहिले गेले, तेव्हा ५२ टक्के लोकांमध्ये किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक वेदनारहित व्यक्तींचे निष्कर्ष एकत्र केले गेले. त्यानुसार पन्नाशीतील ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही, अशांपैकी सुमारे ८० टक्के लोकांत गादीची झीज आणि सुमारे ६० टक्के लोकांत गादीचा फुगवटा दिसतो. तुमच्या अहवालातील शब्द तुमच्या वयाच्या बहुसंख्य निरोगी लोकांच्या अहवालातही आले असते. या माहितीने तुमची वेदना खोटी ठरत नाही, परंतु त्या शब्दांना तुम्ही दिलेले वजन मात्र कमी व्हायला हवे.

हे वजन उपचाराच्या आड कसे येते, ते सांगते. वाकणे धोक्याचे आहे असे मानणारा माणूस वाकताना श्वास रोखतो, पोट आणि पाठ एकाच वेळी आवळून धरतो आणि लक्ष सगळे कमरेकडे लावतो. अशा ताठरलेल्या पाठीने केलेले वाकणे दुखतेच, आणि ते दुखणे पुन्हा आपल्या समजुतीचा पुरावा म्हणून जमा होते. घरी आल्यावर तो वाकणे टाळतो, त्यामुळे वाकूनही काही बिघडत नाही हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही; महिन्यामागून महिने स्नायूंची ताकद कमी होते, झोप बिघडते, आणि पूर्वी सहज होणारे काम खरोखरच जड जाऊ लागते. योहान व्लायन आणि स्टीवन लिंटन या संशोधकांनी २००० मध्ये या चक्राची सविस्तर मांडणी केली. वेदनेचा ‘काहीतरी भयंकर घडले आहे’ असा अर्थ लावला की भीती, भीतीतून टाळाटाळ, टाळाटाळीतून दुबळेपणा आणि खिन्नता, आणि त्यातून अधिक वेदना, असे ते चक्र आहे. व्यायामाचा एकच कागद दोघांना दिला आणि एकाला तीन आठवड्यांत उतार पडला, दुसऱ्याला तीन महिन्यांतही नाही, तर मी आधी कागद बदलत नाही. दुसऱ्याच्या मनात कमरेचे कोणते चित्र आहे ते विचारते.

तुम्ही चौदा वेळा गेलात, पण ‘वाकले तर मणका निसटेल असे मला वाटते’ हे वाक्य तुमच्या फिजिओथेरपिस्टला कधी सांगितले आहे का? पत्रावरून तसे दिसत नाही. पुढच्या भेटीत आधी ते सांगा. त्यानंतर वाकण्याकडे टप्प्याटप्प्याने जाता येते. उताणे पडून दोन्ही गुडघे छातीकडे घेणे हेही कमरेचे वाकणेच आहे, आणि पाठीवर भार नसल्याने ते बहुतेकांना झेपते. त्यानंतर खुर्चीत बसून हात पावलांकडे सोडणे, मग उभे राहून मांडीवरून हात गुडघ्यापर्यंत सरकवणे, मग स्टुलावरची हलकी वस्तू उचलणे आणि शेवटी जमिनीवरची. प्रत्येक टप्प्यावर श्वास सोडत वाका. एक छोटी वही ठेवा; करण्यापूर्वी काय होईल असे वाटते ते लिहा, आणि केल्यानंतर व दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय झाले तेही लिहा. थोडे दुखले आणि चोवीस तासांत ते पूर्वीच्या पातळीवर आले, तर तो टप्पा तुम्हाला झेपला असे समजावे. दुखणे त्याहून लांबले तर प्रमाण थोडे कमी करावे. वाकणे पुन्हा बंद मात्र करू नये. माझ्या अनुभवात समजूत बदलते ती बहुधा या वहीमुळे. मी दिलेली कितीही सुंदर माहिती तेवढे काम करत नाही.

प्रश्न : वय ४७. उजवा खांदा पाच महिन्यांपासून दुखतो. कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची, झीज असे निदान आहे. सहा आठवडे फिजिओथेरपी घेतली. यंत्राचा शेक घेतल्यावर बरे वाटते, पण रबरी पट्ट्याच्या व्यायामाने काही होईल असे मला वाटत नाही. शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागेल, असे मित्रही म्हणतात. व्यायाम चालू ठेवण्यात अर्थ आहे का?

उत्तर : ‘काही होईल असे मला वाटत नाही’ हे तुम्ही सहज लिहिले आहे, परंतु तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. इंग्लंडमध्ये खांदेदुखीसाठी फिजिओथेरपी घेणाऱ्या १०३० रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा करण्यात आला. कोणाला अधिक गुण येतो हे आरंभीच ओळखता येईल का, हा त्या अभ्यासाचा प्रश्न होता. आपण पूर्ण बरे होऊ अशी ज्यांची अपेक्षा होती आणि वेदना असूनही आपण आपली कामे करू शकतो असा ज्यांना विश्वास होता, त्यांची स्थिती सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनीही तुलनेने चांगली राहिली. आरंभीची तीव्रता आणि अन्य काही घटकही मोजले गेले आणि त्यांतील काहींचा परिणाम दिसला. परंतु खांद्यातील कोणता भाग बिघडला आहे याविषयी तपासणीत मिळणाऱ्या खुणा मात्र पुढचा अंदाज बांधायला उपयोगी पडल्या नाहीत.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. अशा अभ्यासातून संबंध दिसतो. अपेक्षेमुळेच गुण आला असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरीही अपेक्षा कोणत्या वाटेने काम करत असावी, हे प्रत्यक्ष व्यवहारात रोज दिसते. ज्याचा विश्वास नाही तो पट्ट्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, घाईघाईने आणि पहिल्या कळेला थांबत करतो. कंडरेला हळूहळू वाढणारा भार मिळाला तरच ती भार पेलायला शिकते, आणि त्याला साधारणपणे बारा आठवडे द्यावे लागतात. सहा आठवडे म्हणजे निम्मी वाट झाली.

शेकाने बरे वाटते ते खरेच आहे आणि तो घेण्यात गैर काही नाही. मात्र त्याचा आराम काही तासांचा असतो, आणि दुसऱ्याने काहीतरी करावे म्हणजे माझे दुखणे जाईल ही समजूत त्यातून नकळत घट्ट होते, याची मला अधिक काळजी वाटते. तुमच्या फिजिओथेरपिस्टला असे विचारा, की बारा आठवड्यांच्या शेवटी मला काय करता यायला हवे आणि त्याआधी, समजा चौथ्या किंवा आठव्या आठवड्यात, कोणती खूण दिसली म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत असे समजावे. वेदना कमी होण्यापूर्वी बऱ्याचदा ताकद वाढते आणि रात्रीची झोप सुधारते. केवळ वेदनेकडे पाहत राहिलात तर ही सुधारणा तुमच्या नजरेतून सुटेल. मित्रांनी शस्त्रक्रियेविषयी दिलेले मत आपुलकीचे असेल, पण त्यांनी तुमचा खांदा तपासलेला नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. गुडघ्यांचा एक्स-रे पाहून कोणीतरी त्यांना ‘वंगण संपले आहे, हाडावर हाड घासते’ असे सांगितले. तेव्हापासून ते चालणे टाळतात. चालून उरलेसुरले गुडघेही झिजतील, असे ते म्हणतात. आम्हीही त्यांना सारखे ‘जपून, उठू नका, आम्ही आणतो’ असे सांगतो. व्यायाम सुरू केला, पण दोन दिवसांत सोडला. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : त्यांच्या हिशेबात काही चूक नाही, हिशेब ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत चुकीचे आहे. गुडघा म्हणजे यंत्राचा भाग, तो जितका वापरावा तितका झिजणार, असे एकदा मानले की बसून राहणे हाच शहाणपणा ठरतो. परंतु गुडघा जिवंत असतो. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो आणि निघतो तेव्हा सांध्यातील द्रवाची जी ये-जा होते तिच्यातून कूर्चेला पोषण मिळते. ‘वंगण’ म्हणून ज्याचा उल्लेख झाला ते द्रव्य सांध्याचे आतले आवरण सतत तयार करत असते. शिवाय एक्स-रे किती वाईट दिसतो आणि गुडघा किती दुखतो, यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत व्यायाम हा पहिल्या फळीतील उपचार आहे, आणि एक्स-रे वाईट असलेल्यांनाही तो सांगितला जातो.

मात्र हे सगळे त्यांना ऐकवून लगेच फरक पडेल, अशी आशा धरू नका. त्यांना समजवण्याऐवजी आधी विचारा. गुडघे नीट असते तर आज कोठे गेला असता, हा प्रश्न ‘चालत जा’ या आज्ञेपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. दोन दिवसांत व्यायाम सोडला, तो बहुधा तिसऱ्या दिवशी गुडघे दुखले म्हणून. न वापरलेले स्नायू पहिल्या आठवड्यात कुरकुरतात हे कोणी आधी सांगितले नसेल, तर ते दुखणे त्यांनी झीज म्हणूनच वाचले असणार. पहिले पंधरा दिवस थोडे अधिक दुखू शकते आणि त्याचा अर्थ बिघाड असा होत नाही, हे त्यांना फिजिओथेरपिस्टच्या तोंडून ऐकू द्या. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि बसणे, प्रथम पाच वेळा, एवढ्यापासून आरंभ पुरेसा आहे. खुर्ची उंच असली की ते सोपे जाते.

तुमच्या वाक्यांविषयीही लिहायला हवे, कारण तुम्ही स्वतःच ती प्रामाणिकपणे नोंदवली आहेत. ‘उठू नका, आम्ही आणतो’ हे प्रेमाने म्हटले जाते. परंतु दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्याला त्यातून आपले गुडघे आता भरवशाचे राहिले नाहीत, एवढेच कळते. त्यांना उठू द्या, आणि तुम्ही सोबत चाला.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांशी भीतीविषयी किंवा समजुतींविषयी बोलू लागलो, की ते दुखावतात. ‘म्हणजे माझे दुखणे मनाचे आहे असे तुम्हाला म्हणायचे आहे का?’ असे एका रुग्णाने विचारले आणि पुन्हा आले नाहीत. मी काय चुकतो?

उत्तर : बहुधा क्रम चुकतो. रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकण्याआधी आपण स्पष्टीकरण देऊ लागलो, तर ते कितीही शास्त्रशुद्ध असले तरी त्याला आरोपासारखे ऐकू येते. वेदना अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या: वेदना आणि ऊतींतून येणारे इजेचे संदेश हे एक नव्हेत, आणि एखादी व्यक्ती मला वेदना होते असे सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. आपल्या कामात या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. पहिल्या भेटीत मी तीन प्रश्न विचारते: तुमच्या मते हे कशामुळे झाले आहे? पुढे काय होईल अशी भीती वाटते? आतापर्यंत तुम्हाला याविषयी कोणी काय सांगितले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब असते, आणि त्यात आपल्याच व्यवसायातील माणसांची वाक्ये निघतात.

त्यांत माझेही एक वाक्य आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत मी एका तरुण रुग्णाला ‘तुमची कंबर नाजूक आहे, आयुष्यभर जपावी लागेल’ असे सांगितले होते. हेतू काळजीचा होता. काही वर्षांनी ते दुसऱ्या तक्रारीसाठी आले तेव्हा कळले, की त्या वाक्यानंतर त्यांनी आपल्या लहान मुलीला कधी उचलून घेतले नव्हते. पाठदुखीच्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या न्यूझीलंडमधील एका अभ्यासातही हेच आढळले, की उपचार करणाऱ्यांचे शब्द रुग्ण वर्षानुवर्षे जपून ठेवतात, धीराचे आणि भीतीचेही. तेव्हापासून ‘झीज’, ‘नाजूक’, ‘सरकले’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी मी थांबते.

भीती मोजण्यासाठी टॅम्पा मापनपट्टीची १७ विधाने किंवा वेदनेविषयीच्या अतिभयाची १३ विधानांची प्रश्नावली वापरता येते, परंतु गुणांपेक्षा रुग्णाने एखाद्या विधानावर ‘पूर्ण सहमत’ का म्हटले, यावरचे संभाषण मला अधिक मोलाचे वाटते. आणि शिकवण्यावर फार विसंबू नका. वेदनेचे शास्त्र केवळ समजावून सांगितल्याने वेदनेत पडणारा फरक थोडा असतो, हालचालीची जोड दिली की तो वाढतो. ऑस्ट्रेलियात दीर्घकालीन पाठदुखीच्या ४९२ रुग्णांवर झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने अवश्य वाचा. तेथे फिजिओथेरपिस्टांनी रुग्णाचे म्हणणे ऐकून, त्याला ज्या हालचालींची भीती वाटते त्याच हालचाली त्याच्यासोबत सैलपणे करून घेतल्या. भेटी बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात, आणि पुढे एक उजळणीची. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत मिळालेला लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. जे रुग्ण पुन्हा आले नाहीत त्यांना दूरध्वनी करून ‘माझे बोलणे तुम्हाला लागले असेल, मला तुमचे ऐकायचे आहे’ एवढे सांगता आले, तर जरूर सांगा.

प्रश्न : समजुतीला इतके महत्त्व असेल तर तपासण्या करायच्याच नाहीत का? घाबरावे असे कधी काही असते का?

उत्तर : असते, आणि म्हणूनच आधी तपासणी, मग धीर, हा क्रम आम्ही पाळतो. कंबरदुखीसोबत लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, बसताना टेकतो त्या भागात आणि गुप्तांगाभोवती बधिरता येणे, अथवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सकाळपर्यंत थांबू नये. कर्करोगाचा पूर्वेतिहास, कारणाविना घटणारे वजन, ताप, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली वेदना, तसेच दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असताना नव्याने उद्भवलेली पाठदुखी, अशा स्थितीत व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. फिजिओथेरपिस्टकडे प्रथमच जात असाल तर यांतील जे लागू असेल ते त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.